डोंगरफुलांचे सोबती : फादर ब्लॅटर

उर्दूच्या पुस्तकात तुम्ही लाला, नर्गिस, सोसन ही फुलांची नावे अनेकदा वाचली असतील. गझलेत ही फुले येतात, गोष्टीत येतात. परंतु तुमच्यापैकी फार थोड्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली असतील, कारण ती आपल्या गावची फुले नाहीत. लाला म्हणजे ट्युलिप. थंड प्रदेशातील डोंगरउतारांवर, गवताच्या कुरणांत ती आपोआप उगवते. बाबर बादशहाला या फुलाचा फार नाद होता. काबूलच्या डोंगरपायथ्याशी लालाचे किती प्रकार आहेत ते त्याने मोजायला लावले, तेव्हा तीसपेक्षा अधिक प्रकार भरले. ही नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे.

लाला आणि नर्गिस या दोन्ही झाडांची एक गंमत आहे. ती जमिनीखालच्या कांद्यातून उगवतात. ज्याला आपण भाजीत घालतो, ज्याला तुमच्या घरी प्याज म्हणतात, तसाच हा कांदा असतो. एकावर एक पापुद्रे असलेला, रसाने भरलेला. वर बर्फ पडो, ऊन पडो, वणवा लागो, कांदा जमिनीखाली सुरक्षित झोपलेला असतो. योग्य ऋतू आला की तो जागा होतो, फूल देतो आणि पुन्हा झोपी जातो.

आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांतही अशी कांद्याची रानफुले आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ती आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण ती थोडेच दिवस दिसतात, म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्यांनी त्यांच्याकडे लक्ष दिले, त्यांना नावे दिली आणि त्यांची नोंद करून ठेवली, त्या एका माणसाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव फादर एथेलबर्ट ब्लॅटर.

ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंड देशातील रेबस्टाइन या गावी झाला. स्वित्झर्लंड हा डोंगरांचा देश. तेथे आल्प्स पर्वताची उंच शिखरे आहेत. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ असते. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले की ओल्या कुरणांतून केशराच्या जातीची जांभळी, पांढरी फुले डोके वर काढतात. तीही जमिनीखालच्या कंदातूनच येतात. अशा देशात ब्लॅटर लहानाचे मोठे झाले.

तरुणपणी ते जेझुइट संघात दाखल झाले. हा ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ आहे. या संघातील लोक लग्न करीत नाहीत, स्वतःची मालमत्ता ठेवीत नाहीत. जेथे पाठवतील तेथे जाऊन काम करतात. शाळा आणि महाविद्यालये चालवणे हे त्यांचे एक मोठे काम असते. १९०३ साली संघाने ब्लॅटर यांना मुंबईला पाठवले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात ते शिकवू लागले. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा आवडता विषय होता.

विचार करा. बर्फाच्या देशातून आलेला हा तरुण. येथील उकाडा, येथील पाऊस, येथील झाडे, सारेच त्याला नवे. पण नवेपणाला ते घाबरले नाहीत. उलट, प्रत्येक नवे झाड त्यांना बोलावू लागले. सुट्टी मिळाली की ते डोंगरांत जात. पाने, फुले, मुळे गोळा करून आणीत. कागदांच्या घडीत दाबून वाळवीत. मग जाड कागदावर ती चिकटवून खाली झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहून ठेवीत. अशा वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला वनस्पतिसंग्रहालय म्हणतात.

तुम्हीही वहीत पिंपळाचे पान वाळवले असेल. ते सोपे असते. पण कांद्याचे झाड वाळवणे फार अवघड असते. कांद्यात पाणी आणि अन्न साठवलेले असते. त्यामुळे कागदात दाबला तरी तो मरत नाही. कित्येकदा कागदातच त्याला नवा कोंब फुटतो! म्हणून कांदा उभा चिरावा लागतो, किंवा उकळत्या पाण्यात बुडवून काढावा लागतो. कागद पुन्हा पुन्हा बदलावे लागतात. पावसाळ्यात तर कागदालाच बुरशी येते. आणि आपल्या डोंगरांतली बहुतेक कांद्याची फुले नेमकी पावसाळ्यातच फुलतात. यावरून हे काम किती चिकाटीचे आहे ते तुमच्या लक्षात येईल.

काही वर्षांनी ब्लॅटर यांना धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी युरोपात परत जावे लागले. तेथेही त्यांनी हिंदुस्थानातील झाडांचा ध्यास सोडला नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि तेथील क्यू या प्रसिद्ध उद्यानात जगभरातून आणलेले नमुने ठेवलेले होते. ब्लॅटर यांनी त्यांचा अभ्यास केला. ही अडचण नीट समजून घ्या. झाडे आपल्या देशातली, पण त्यांचे पहिले नमुने सातासमुद्रापलीकडे! मुंबईत एखादे अनोळखी फूल सापडले तर ते नवे आहे की जुनेच आहे, हे पाहण्यासाठी लंडन गाठावे लागे. मुंबईतच मोठा संग्रह असला पाहिजे, म्हणजे येथील विद्यार्थ्याला आपल्या झाडांची ओळख येथेच होईल. हेच काम पुढे ब्लॅटर यांनी आयुष्यभर केले.

१९१५ साली ते मुंबईला परतले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. सेंट झेवियरमध्ये काम करणारे अनेक धर्मगुरू जर्मन होते. इंग्रज सरकारचे जर्मनीशी युद्ध होते, म्हणून त्यांना काम सोडावे लागले. ब्लॅटर स्वित्झर्लंडचे असल्यामुळे ते राहू शकले. माणसे कमी आणि काम जास्त, अशी स्थिती झाली. वर्गात शिकवणे, प्रयोगशाळा सांभाळणे आणि वेळ काढून डोंगर चढणे, अशी तिहेरी धावपळ सुरू झाली. १९१९ ते १९२४ या काळात ते त्या महाविद्यालयाचे प्राचार्यही होते.

याच काळातील एक प्रसंग तुम्हांला नक्की आवडेल. १९१७ साली एक तरुण ब्रह्मदेशातून मुंबईला परत आला होता. तेथे त्याचा व्यापार नीट चालला नव्हता. मुंबईत तो हिशेबाचे आणि व्यापाराचे शिक्षण घेऊ लागला, पण त्याचे मन पक्ष्यांत गुंतलेले होते. फादर ब्लॅटर यांनी त्याची ही खरी आवड ओळखली. व्यापाराच्या शिक्षणाबरोबरच सेंट झेवियरमध्ये प्राणिशास्त्र शिकण्यास त्यांनी त्याचे मन वळवले. हा तरुण म्हणजे पुढे जगभर प्रसिद्ध झालेले पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली. फुलांच्या माणसाने पक्ष्यांच्या माणसाला वाट दाखवली! चांगला शिक्षक आपल्याच विषयाचे शिष्य शोधीत नाही. शिष्याचा विषय कोणता, हे तो शोधून काढतो.

आता आपण आपल्या खानदेशाकडे वळू. खानदेश म्हटले की काय आठवते? केळीच्या बागा, कपाशीची शेते, भरताची वांगी आणि कडक ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हाच्या मुलखात झाडे शोधायला कोण येणार? मुंबईजवळचे खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर हे डोंगर हिरवेगार. अभ्यासक तिकडेच अधिक जात. पण ब्लॅटर यांनी कोरड्या मुलखाकडे पाठ फिरवली नाही. आपले सहकारी हॉलबर्ग यांच्यासह ते खानदेशात आले. अमळनेरला बोरी नदीच्या काठी आणि तापीच्या काठी फिरून त्यांनी गवते आणि रानझाडे गोळा केली. त्यांचे शिष्य चार्ल्स मॅकॅन यांनी सातपुड्यातील तोरणमाळच्या परिसरातून नमुने आणले. तोरणमाळ तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. पुढे ते धुळे जिल्ह्यात आले आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे.

या दोघा गुरुशिष्यांनी मुंबई इलाख्यातील गवतांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाची पाने उलटली तर अमळनेर आणि तोरणमाळ ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. ज्या गवतावरून आपण रोज पाय देऊन जातो, ते गवत कोणी वाकून पाहिले, त्याची जात ठरवली आणि आपल्या गावाचे नाव ग्रंथात लिहून ठेवले, ही काय लहान गोष्ट आहे?

खानदेशातही कांद्याची रानफुले आहेत. त्यांपैकी एक तुम्हांला सहज ओळखता येईल. त्याला कोळकांदा किंवा रानकांदा म्हणतात. महाराष्ट्राच्या कोरड्या टेकड्यांवर तो सर्वत्र आढळतो. उन्हाळ्यात, जेव्हा डोंगर तपकिरी झालेला असतो आणि गवताची काडीही हिरवी नसते, तेव्हा जमिनीतून एक उंच, बारीक दांडी वर येते. तिच्यावर एकही पान नसते. दांडीच्या टोकाकडे लहान, फिकट तपकिरी फुले लागतात. पाऊस पडल्यावर मग पाने येतात. म्हणजे आधी फूल आणि नंतर पान! पाणी नसताना हे फूल कसे उमलते? कारण गेल्या पावसाळ्यातले पाणी आणि अन्न कांद्याने जपून ठेवलेले असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा कांदा विषारी आहे. वैद्य त्याचे औषध करतात, पण मोजून मापून. आपण तो कधीही तोंडात घालू नये.

प्राचार्यपद सोडल्यानंतर फादर ब्लॅटर सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेले. तेथे ते चर्चचे काम पाहत आणि उरलेल्या वेळात लिहीत. पाचगणीच्या माथ्यावर जांभ्या खडकाची मोठी सपाट पठारे आहेत. उन्हाळ्यात ही पठारे अगदी उजाड दिसतात. काळा खडक, वाळलेले गवत आणि वारा. पाहणाऱ्याला वाटावे, येथे काहीच नाही. पण जून महिन्यात पहिला जोरदार पाऊस झाला की चमत्कार घडतो. खडकाच्या फटींतील थोड्याशा मातीतून, गवतातून, असंख्य कोंब वर येतात. स्वित्झर्लंडमध्ये जे काम वितळणारे बर्फ करते, तेच काम येथे पाऊस करतो.

या गवतात एक लहानसे झाड असते. त्याची पाने गवतासारखीच अरुंद असतात, म्हणून फुले येईपर्यंत ते ओळखूच येत नाही. मग मधून एक दांडी वर येते. तिच्यावर लांबट घंटेसारखी हिरवट फुले लागतात. फुलाच्या बाहेरच्या तीन पाकळ्या टोकाला मागे वळलेल्या असतात. या गणाचे शास्त्रीय नाव डिपकाडी असे आहे. मराठीत त्याला दीपकाडी म्हणतात. किती सुंदर नाव! जणू गवतात कोणी दिव्याची काडी रोवली आहे.

दीपकाडीच्या अनेक जाती आहेत. कोकणातील एका जातीला पांढरी शुभ्र फुले येतात. ती डॅल्झेल नावाच्या अभ्यासकाने १८५० साली नोंदवली होती. पण सह्याद्रीच्या उंच पठारांवरची ही हिरवट फुलांची जात वेगळी आहे, हे फादर ब्लॅटर यांनी ओळखले. त्यांनी तिचे वर्णन लिहिले आणि तिला डिपकाडी उर्सुली हे नाव दिले. पाचगणी, महाबळेश्वर, कास या भागांत ती आजही फुलते. ब्लॅटर यांच्या काळी शास्त्रज्ञ तिला लिलीच्या कुळात धरीत. आता ती शतावरीच्या कुळात मोजली जाते. कुळ बदलले, पण जातीचे नाव तेच राहिले.

तुम्ही विचाराल, एका लहान फुलाला नाव दिले तर त्यात मोठे काय? मित्रांनो, शाळेच्या हजेरीपटाचा विचार करा. ज्याचे नाव पटावर आहे, तो आला नाही तर गुरुजी लगेच विचारतात. ज्याचे नावच पटावर नाही, तो हरवला तरी कोणाला कळणार? झाडांचेही तसेच आहे. ज्या झाडाची नोंद आहे, ते कोठे होते आणि आता आहे की नाही, हे तपासता येते. ज्याची नोंद नाही, ते आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले तरी आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. फादर ब्लॅटर हा डोंगराचा हजेरीपट लिहीत होते.

ते एकाच ठिकाणी थांबले नाहीत. राजस्थानच्या वाळवंटातील वनस्पतींवर त्यांनी हॉलबर्ग यांच्यासह लिहिले. एडन आणि अरबस्तान येथील वनस्पतींची नोंद करणारे ग्रंथ त्यांनी तयार केले. ताडामाडांच्या जातींवर त्यांचे मोठे पुस्तक १९२६ साली निघाले. काश्मीरच्या सुंदर फुलांवर त्यांनी दोन भागांचे पुस्तक लिहिले. डिआल्मेडा या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नेच्यांवर पुस्तक लिहिले. सबनीस या सहकाऱ्याबरोबर सिंधू नदीच्या मुखाकडील वनस्पतींचा अभ्यास केला. यावरून दिसते की हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. येथल्या तरुणांना बरोबर घेतले, त्यांना शिकवले आणि पुस्तकावर आपल्या नावाबरोबर त्यांचेही नाव घातले.

१९२६ पासून त्यांनी आणि मॅकॅन यांनी मुंबई इलाख्यातील सर्व वनस्पतींची नवी यादी क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती येत असे. ब्लॅटर या संस्थेचे उपाध्यक्षही होते. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने योहान्नेस ब्रूल यांच्या नावाचे पदक दिले. त्याचा पहिला मान फादर ब्लॅटर यांना मिळाला.

पण वेळ कमी उरला होता. २६ मे १९३४ रोजी फादर ब्लॅटर यांचे निधन झाले. त्यांचे वय छप्पन्न वर्षांचे होते. हाती घेतलेली कामे अर्धी राहिली होती. मे महिन्याचे ते शेवटचे दिवस होते. पाचगणीच्या पठारावर पाऊस पडायचा होता आणि दीपकाडीचे कांदे अजून जमिनीखाली झोपलेले होते.

मग ती कामे अपुरी राहिली का? नाही. त्यांच्या शिष्याने ती पुढे नेली. वनस्पतींची यादी मॅकॅन यांनी १९३५ पर्यंत चालू ठेवली. गवतांचा ग्रंथही १९३५ साली प्रसिद्ध झाला. अरबस्तानच्या वनस्पतींचा शेवटचा भाग १९३६ साली आला. मिलार्ड यांच्याबरोबर लिहिलेले भारतीय वृक्षांचे सुंदर पुस्तक १९३७ साली निघाले. माणूस गेला, पण त्याने साठवून ठेवलेल्या श्रमांतून तीन वर्षे फुले येत राहिली. कांद्याची रीत अशीच नाही का?

सेंट झेवियर महाविद्यालयातील त्यांचा संग्रह पुढे खूप वाढला. फादर सांतापाव या दुसऱ्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने तो नेटाने सांभाळला. आज त्याला ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय म्हणतात. तेथे एक लाखाहून अधिक नमुने आहेत. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यार्थ्याला अनोळखी फूल सापडले, तर ते ताडून पाहण्यासाठी त्याला आता लंडनला जावे लागत नाही. तो मुंबईला जातो. अमळनेरच्या नदीकाठची काडी आणि अरबस्तानातले पान यांचा अभ्यास एकाच माणसाने केला, हे तेथे गेल्यावर त्याला उमगते.

आता आपल्याला काय करायचे आहे? पुष्कळ लोक गवताळ माळाला पडीक जमीन म्हणतात. ज्या जमिनीवर पीक नाही आणि मोठे झाड नाही, ती त्यांना रिकामी वाटते. मग तेथे वाटेल तशी खोदाई होते, गाड्या फिरतात, कचरा पडतो. सातपुड्यात सफेद मुसळीसारख्या औषधी झाडांचे कंद बी धरण्यापूर्वीच उपटले जातात. वणव्यातून जमिनीखालचा कांदा वाचू शकतो, पण कुदळीतून वाचत नाही. फूल तोडले तर पुढच्या वर्षी पुन्हा फूल येईल. कांदाच उपटला तर पुढचे वर्ष येणारच नाही. हा फरक तुम्ही ओळखला पाहिजे आणि इतरांना सांगितला पाहिजे.

तुमच्यासाठी एक सोपे काम आहे. या वर्षी पहिला पाऊस पडला की आठ दिवसांनी गावाजवळच्या टेकडीवर मोठ्या माणसांबरोबर जा. अजिंठ्याच्या रांगा, सातपुड्याचा पायथा, किंवा साधा गावचा माळ, काहीही चालेल. खाली बसा आणि एका पावलाएवढी जागा नीट पाहा. गवताच्या पात्यांत एखादे वेगळे पान दिसेल. ते उपटू नका. त्याचे चित्र वहीत काढा. जागा आणि तारीख लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचे नाव विचारा. अहिराणीत काय म्हणतात, उर्दूत काय म्हणतात, मराठीत काय म्हणतात, तेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा आणि ते झाड आले का ते पाहा.

फादर ब्लॅटर यांनी याहून वेगळे काय केले? त्यांनी खाली वाकून पाहिले, खरे तेच लिहिले आणि लिहिलेले जपून ठेवले. बोरीच्या काठी आजही गवत उगवते. कोळकांद्याची दांडी आजही उन्हात उभी राहते. तिच्याकडे पाहणारे डोळे मात्र आता तुमचे असले पाहिजेत.